सांगा, कशाचा वास येतो?

आमच्या बिल्डिंगमध्ये नवा भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात तो मला हळूच विचारतो, "मॅडम, ते लिफ्टमधले काका बरे आहेत ना?" बरे म्हणजे डोक्याने. मी सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. मी सांगते, काका बरे आहेत, फक्त त्यांच्यासमोर श्वास रोखून धरू नका, त्यांना राग येतो.

त्याचं असं आहे, की अंबादासकाका लिफ्टमध्ये शिरले की नमस्कार नाही, 'काय म्हणता' नाही. खिशातून कसल्यातरी रानटी झाडाची काडी काढतात, तिची पानं दोन बोटांत चुरगळतात आणि सरळ तुमच्या नाकाखाली धरतात. "सांगा बरं, कशाचा वास येतो?" लिफ्टमधून पळायला जागा नसते. उत्तर द्यावंच लागतं. बरं, काहीही उत्तर चालत नाही. "छान येतो" म्हटलं तर म्हणतात, "छान हा काय वास असतो व्हय?" "उग्र येतो" म्हटलं तर म्हणतात, "उग्र म्हंजी कशावाणी? वस्तू सांगा, वस्तू." मग माणूस घाबरून एखादी वस्तू सांगतो. वॉचमनने झुरळांचं औषध सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर चाकणच्या कंपनीतले एक मॅनेजर राहतात, त्यांनी नव्या गाडीच्या सीटा सांगितल्या. एका नव्या नवरीने लाजत "सासूबाईंच्या डोक्याच्या तेलासारखा" असं सांगितलं, आणि सासूबाई त्याच लिफ्टमध्ये होत्या. काका उत्तर नीट ऐकून घेतात, मान हलवतात आणि काडी परत खिशात घालतात. "न्हाई. हे न्हाई."

काय नाही ते विचारलं तर सांगत नाहीत. "मी सांगितलं तर तुम्ही व्हय म्हणून मोकळे व्हाल. मग माझा काय उपयोग?"

पोरांनी त्यांचं नाव वासकाका ठेवलंय. मोठी माणसं तोंडावर काका म्हणतात आणि माघारी वासकाकाच म्हणतात. मीही म्हणते, उगाच सोवळेपणा कशाला!

आता माझ्या नाकाबद्दल. मी घरी मसाले करून विकते. कांदा-लसूण, गोडा, काळा. खोबरं किती भाजलं गेलंय हे मी पुढच्या खोलीत बसून सांगू शकते. दिघीत राहायला असं नाक म्हणजे शिक्षा आहे. भोसरीकडून वारा आला की जळक्या रबराचा आणि ॲसिडचा वास, नदीकडून आला की कशाचा ते विचारू नका. फक्त लष्कराच्या हद्दीकडून वारा सुटला की गवताचा वास येतो, कारण तारेच्या पलीकडे बांधायला कुणाला परवानगी नाही. असा वारा वर्षातून फार वेळा येत नाही. माझं नाक बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध आहे, त्यामुळे काकांच्या काड्या सर्वांत जास्त मीच हुंगल्या आहेत.

काका लातूरकडचे. भोसरीत एका प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला. तिथं सुट्या पार्टना चकाकी देतात, माणसांना काय देतात ते पुढे येईलच. मुलगा कुरुळीला राहतो, तिथल्याच कंपनीत आहे, सणाला येतो. इथं काका आणि गयाकाकू दोघंच, बरोबर माझ्या दारासमोर. निवृत्त माणसं बागेत बसतात, काका नाल्यात उतरतात. ट्रान्सफॉर्मरच्या मागे, ड्रेनेजच्या कडेला, 'ही जागा विकणे नाही' असल्या पाट्यांच्या खाली, लष्कराच्या तारेला चिकटून, जिथं म्हणून माणूस नाकाला रुमाल लावून जातो तिथं काका वाकून काहीतरी उपटत असतात. अट एकच, फूल जांभळं पाहिजे. यापलीकडे त्यांना वनस्पतींचं काडीचं ज्ञान नाही. रानतुळस आणली, घाणेरी आणली, एकदा तर चेअरमनबाईंच्या कुंडीतली सदाफुली आणली. त्यावरून मीटिंग झाली आणि मला नोटीस लावावी लागली, 'लिफ्टमध्ये झाडपाला चुरगळण्यास सक्त मनाई आहे.' काकांनी ती चष्मा लावून वाचली, "ब्येस लिहिलंय" म्हणाले आणि नोटिशीच्या कोपऱ्यात एक जांभळी काडी खोचून गेले.

गयाकाकू या सगळ्यावर एक शब्द बोलत नाहीत. तशा त्या बोलक्या आहेत. दारात कुरिअरवाला आला तरी त्याला पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. तांब्या आणि पेला घेऊन त्या उभ्याच असतात. फक्त काकांना त्या पाणी देत नाहीत. उन्हातून घामेजून आले तरी काका स्वतः माठाकडे जातात आणि ओतून घेतात. मी एकदा गमतीने म्हटलं, "काकू, काकांनी काय पाप केलंय?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "त्यांना हात हाईत," म्हणाल्या.

जुनी माणसं, जुनी भांडणं, असं म्हणून मी सोडून दिलं. काकूंची मला वेगळीच काळजी होती. पाय सुजायला लागले होते, डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगत होते आणि वरचेवर त्यांचं दूध करपायचं. माझ्या स्वयंपाकघरात वास यायचा, मी धावत समोर जायचे, तर काकू ओट्यापाशीच पालेभाजी निवडत बसलेल्या. "ध्यानात न्हाई राहिलं," म्हणायच्या. वय झालं, असं मी समजत होते.

काका स्वतः कधी काडी हुंगत नाहीत हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आणून दिलं ते एका उंदराने. तो आमच्या डक्टमध्ये मेला आणि बिल्डिंगने दोन दिवस नाक धरलं. सगळे जिन्यातून पदर, रुमाल, मास्क लावून पळतायत आणि काका डक्टच्या खिडकीला टेकून शांतपणे पोहे खातायत!

"काका, अहो, वास!"

"आहे का?" त्यांनी कुतूहलाने विचारलं. मग माझं तोंड बघून हसले. "ताई, माझं नाक कंपनीत जमा झालं. टाकीतनं वाफ यायची ना, आमच्या निम्म्या शॉपच्या नाकाला आतनं भोक पडलेलं. डॉक्टर काडी घालून बघायचा, हिकडून तिकडं." हे त्यांनी एखाद्या जत्रेतली गंमत सांगावी तसं सांगितलं आणि राहिलेले पोहे खाल्ले. माझी मात्र त्या दिवशीची भूक मेली.

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाकांनी एक वास शोधत होता.

नाक्यावर रफिकभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्यात काका त्यांच्याकडे काडी घेऊन गेले. रफिकभाई म्हणजे तोंडात स्क्रू धरून बोलणारा माणूस. त्यांनी ऑइलने माखलेले हात मागे घेतले, नाक पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं. "काका, इसमें तो बोकड का बास आता हय!"

काकांनी म्हणे रफिकभाईंना मिठीच मारली. मग मिठीत असतानाच त्यांची नजर गॅरेजच्या मागे गेली. तिथं रफिकभाईंचा बोकड बांधलेला होता, साक्षात.

"लई घात झाला," काका नंतर म्हणाले. "आता वास झाडाचा का बोकडाचा, कसं कळावं?"

त्याच दुपारी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात पिशवी, पिशवीला गाठ. मी धणे भाजत होते. "गॅस बंद करा. हात धुवा. साबण नको, साबणाला वास असतो. भाईर या." एरवी मला असं कुणी फर्मावलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. पण काकांनी ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी जिन्यात आले. त्यांनी गाठ सोडली. बारीक, मऊ केसाळ पानं, वर फिकट जांभळ्या फुलांचे गोंडे, कापसाची बोंडं बाहुलीसाठी केल्यासारखी. मी पान चुरगळलं.

"बोकड," मी म्हणाले. "पावसात भिजलेला बोकड."

"रफिकभाई काय बोलले का तुम्हाला?"

"रफिकभाईंचा काय संबंध? मी सकाळपासून खाली उतरलेच नाहीये. आणि काका, ही तर ओसाडी! आमच्या जुन्नरकडे ओलीला उगवते. खुरपं लागलं की हिचा पाला चोळून लावायचे. पडीक, ओसाड जागेत येते म्हणून ओसाडी, असं आई सांगायची."

काका पायरीवर बसले. "ओसाडी," ते म्हणाले. "नाव हाय व्हय तिला."

मग त्यांनी सांगितलं. गावाकडून येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. दोघंच, पत्र्याच्या खोलीत. पहिलं लेकरू झालं आणि बारशाच्या आधीच गेलं. आखाडातला रविवार होता. वर्कशॉपची सगळी माणसं बोकड कापून जेवायला माळावर गेलेली. शेजारी कुणी नाही, नात्यातलं कुणी नाही. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, माती देतात. पण माती द्यायला जागा कुठली? गावाकडं असतं तर चुलत्यांनी हात धरून नेलं असतं. इथं कुणाला विचारायचं? काकांनी लेकरू फडक्यात गुंडाळलं, मालकाच्या खोलीवरचा टिकाव आणला आणि एकटेच नाल्याकाठी गेले.

"खड्डा केला. पण ताई, तिथं कुत्री व्हती." काका माझ्याकडे न बघता बोलत होते. "गावाकडं वर बाभळीच्या काट्या टाकतात. हितं बाभळ न्हाई, दगड न्हाई. हे जांभळ्या फुलाचं रान मातलेलं. आन् वास असा, की डोकं उठावं. मी म्हणलं, ह्या वासानं कुत्र्यांला लेकराचा वास लागायचा न्हाई. मग उपटलं, उपटलं. हातानं चोळून चोळून मातीवर थर दिला. अंधार पडस्तोवर चोळलं."

घरी आले. माती देऊन आलेल्या माणसाच्या हातावर दारातच पाणी घालतात. काकू, ओली बाळंतीण, तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. काकांनी हात पुढे केले आणि काकूंच्या नाकाला बोकडाचा वास आला. आखाडाचा रविवार, वर्कशॉपची पार्टी. काकूंनी तांब्या तिथंच खाली ठेवला आणि आत गेल्या.

"म्हणाली, 'लेकरू टाकून आखाड खायला गेले. माझ्या लेकराला कुठं फेकलं कुणाला ठाव.' मी म्हणलं, झाडाचा वास हाय. ती म्हणली, झाडाला बोकडाचा वास येत असतो व्हय?"

"मग कुत्र्यांचं का नाही सांगितलंत?"

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे रागाने बघितलं. "बाळंतिणीला? कुत्र्याचं?"

मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

पुढे पोट भरायच्या धांदलीत वर्षं गेली. मुलगा झाला, वाढला. काकूंनी संसार केला, स्वयंपाक केला, दुखण्यात पाय चेपले. फक्त त्या दिवसापासून काकांच्या हातावर पाणी घातलं नाही. काकांना ते झाड दाखवायचं होतं, पण नाव माहीत नाही, नाक तर त्यानंतर थोड्याच दिवसांत गेलेलं. आठवत होतं ते फक्त जांभळं फूल. एकदा घाणेरी नेली, एकदा रानतुळस. काकूंनी हुंगली आणि म्हणाल्या, "थापा मारू नका." तेव्हापासून काकांनी ठरवलं, पक्की खात्री झाल्याशिवाय काकूंच्या नाकाला काही लावायचं नाही.

"तिचे पाय बघितले ना तुम्ही?" ते म्हणाले. "हे मनात घेऊन गेली तर वर जाऊन त्या लेकराला काय सांगंल? तुझ्या बापानं फेकलं म्हणून?"

मी म्हटलं, चला आत्ताच, हेच नेऊ. पण काका ऐकेनात. "हे बोकडाशेजारचं हाय. ती म्हणंल बोकडाचाच वास लागलाय. जिथं बोकड न्हाई तिथलं पाहिजे." एवढा चोख पुरावा गोळा करणारा माणूस कोर्टात असता तर निम्मे वकील उपाशी मेले असते.

म्हणून मग आम्ही निघालो. पूर्वीचा नाला आता स्लॅबखाली गेलाय. वर रस्ता आहे, रस्त्यावर टेम्पो लागतात. लष्कराच्या हद्दीजवळ तो स्लॅबखालून बाहेर येतो, फेसाळ आणि काळा. पुढे मी नाक वर करून, मागे काका. तारेपलीकडच्या पहारेकऱ्याने हटकलं, "क्या ढूँढ रहे हो?"

"बास," काका म्हणाले.

त्याने नाल्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. एवढ्या वासात आणखी वास शोधणाऱ्यांना तो तरी काय म्हणणार!

स्लॅब संपतो तिथं ओलीला ओसाडी गुडघाभर माजलेली होती. नाल्याच्या घाणीतही मला ती आधी वासाने कळली आणि मग दिसली. आसपास शेळी नाही, बोकड नाही. मी पिशवी पुढे केली, पण काका केव्हाच गुडघ्यावर बसले होते आणि दोन्ही हातांनी चिखलातून झाड मुळासकट उपटत होते. उठताना त्यांनी स्लॅबकडे बघितलं.

"इथंच का?" मी विचारलं.

"काय की. एक जांभळीचं झाड व्हतं, त्याच्या अंगानं. आता सगळीकडं सारखंच दिसतंय." स्लॅबवर एक टेम्पोवाला चाक बदलत होता. काकांनी पिशवी नाकारून झाड हातातच घेतलं. मग म्हणाले, "ताई, कुत्र्याचं तिला सांगू नका. झाडाचंच सांगायचं."

मी कबूल केलं. काकांना निर्दोष ठरवणारं एकच वाक्य होतं आणि ते बोलायची मला बंदी होती.

काकूंनी दार उघडलं. काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, मुळांतून चिखल गळत होता. "गया, हे बघ. ओसाडी म्हणत्यात हिला. नाल्याकडची हाय. ह्या ताईंनी हुंगलीय. बोकड न्हाई तिथं, इचार त्यांना."

मी मान डोलावली. काकूंनी झाड घेतलं, पानं चुरगळली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. काकांनी स्वतःचा श्वास धरला होता. काकूंनी डोळे उघडले, एकदा झाडाकडे आणि बराच वेळ काकांच्या हातांकडे बघितलं.

"हाच," त्या म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मला रडू येणार होतं, तेवढ्यात नेहमीचा वास आला आणि मी सवयीने स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन गॅसवर जळत होतं, धूर झाला होता. काकू त्याच्या शेजारी उभ्या राहून माठातून तांब्या भरत होत्या. त्यांना पत्ताच नव्हता. मी गॅस बंद केला.

"काकू, तुम्हाला हा वास आला नाही?"

"कुठनं येणार? त्या कोरोनाच्या तापानंतर गेला तो. परत न्हाई आला."

"मग आत्ता..."

"हळू बोल, त्यांना ऐकू जाईल." त्यांनी भरलेला तांब्या पुसला. "त्यांच्या नखात चिखल बघितला का तू? तवाबी व्हता. पार कोपरापस्तोवर. आखाड खाऊन आलेल्या माणसाच्या नखात माती कशाला येईल गं? मी येडी नुसता वासच घेत बसले. माती बघितलीच न्हाई."

त्या सुजलेल्या पायांनी दाराकडे गेल्या. काका अजून उंबऱ्याबाहेरच होते. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं आणि तेही आले नव्हते.

"हात पुढं करा," काकू म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हात पुढे केले. काकूंनी तांब्या कलता केला. काळं पाणी पायपुसण्यावर, जिन्यात, माझ्या चपलांवर वाहायला लागलं. सोसायटीच्या नियमात जिन्यात पाणी सांडायला मनाई आहे, नोटीस मीच लावलीय. मी चपलाही हलवल्या नाहीत.

"बोकडावाणीच येतो ना गं?" काकांनी विचारलं.

"व्हय," काकू म्हणाल्या. "बोकडावाणीच. चोळा आता."